एक्स-रेमधली पांढरी फांदी: रूट कॅनालमधला सीलर काय काम करतो

रूट कॅनाल पूर्ण झालं की मी पेशंटला स्क्रीनसमोर बसवून शेवटचा एक्स-रे दाखवतो. मागच्या महिन्यात एका काकूंनी तो बराच वेळ न्याहाळला. मग बोट ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, मुळातली ही जाड पांढरी रेघ म्हणजे तुम्ही भरलेलं रबर, ते कळलं. पण तिला बाजूनं ही केसासारखी फांदी फुटलीये आणि टोकाशी ठिपका आहे, तो कसला?"

फार नेमका प्रश्न होता. ती फांदी आणि तो ठिपका सीलरचा होता. रूट कॅनालमध्ये सगळ्यात कमी दिसणारी, पेशंटला जिचं नावही कुणी सांगत नाही अशी ही वस्तू. दात पुढची वीस वर्षं टिकणार की दोन वर्षांत पुन्हा सुजणार, यात तिचा वाटा मोठा आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लोक म्हणतात, "नस काढली." खरं तर दाताच्या मुळात नस एकटी नसते. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पेशी असा सगळा मऊ गाभा असतो. कीड खोल गेली की तो सडतो. आपण तो काढतो, बारीक फाइलने नळी घासतो, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुतो आणि मग ती पोकळी भरून टाकतो. भरायची कशाला? कारण रिकाम्या, ओलसर, रक्तपुरवठा नसलेल्या जागेत जंतूंना हवं ते सगळं मिळतं. १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाताचा गाभा उघडा पाडला तरी तो भरून आला. साध्या उंदरांच्या दातांत मात्र गाभा सडला आणि मुळाशी पू झाला. दुखणं जंतूंचं असतं, आणि भरण्याचं सगळं काम त्यांची वाट अडवण्यासाठी असतं.

काकू ज्याला रबर म्हणाल्या त्याचं नाव गटापर्चा. मलाया, सुमात्रा, बोर्निओ या भागातल्या झाडांचा हा चीक. रबराचाच रासायनिक भाऊ, पण रेणूची ठेवण वेगळी असल्यामुळे लवचीक नसून जरा कडक, आणि गरम केला की मऊ होणारा. समुद्राखालच्या तारेच्या केबलांना एकोणिसाव्या शतकात याचंच वेष्टण असायचं. १८७० मध्ये मुंबई एडन-सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली ती अशाच केबलनं. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं न कुजणारा हा पदार्थ दाताच्या मुळातही टिकतो, यात नवल नाही. आजच्या गटापर्चाच्या काडीत मूळ चीक जेमतेम पाचवा हिस्सा असतो, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड.

पण गटापर्चा दाताला चिकटत नाही. बाथरूमचं पाणी खालच्या घरात झिरपतं तेव्हा ते फरशीतून जात नाही, सांध्यातून जातं. इथंही तेच. काडी आणि मुळाची भिंत यांच्यामधला सांधा बुजवायला जो लगदा वापरतात, तो सीलर. शिवाय मुळातली नळी म्हणजे सरळ पाइप नव्हे. तिला आडवाटा असतात, दोन नळ्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या फटी असतात, आणि भिंतीत डेंटिनच्या, म्हणजे दात ज्या कठीण द्रव्याचा बनलाय त्याच्या, सूक्ष्म नलिका असतात. गाभ्याजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये या नलिकांची तोंडं हजारोंच्या संख्येनं असतात आणि प्रत्येक साधारण अडीच मायक्रॉन रुंद (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जंतू आत शिरायला एवढी जागा पुष्कळ. काडी तिथं पोचत नाही, सीलर पोचू शकतो. काकूंच्या एक्स-रेतली फांदी ही अशीच एक आडवाट होती. सीलर तिच्यातून वाहत पलीकडे थेंबभर बाहेर आला, म्हणून ती आम्हाला दिसली तरी.

तर पहिला गुण वाहण्याचा. सीलरची आंतरराष्ट्रीय कसोटी आयएसओ ६८७६ या मानकात आहे. चाचणी साधी आणि मला फार आवडणारी. काचेवर ०.०५ मिली, म्हणजे एक थेंब सीलर ठेवायचा. तीन मिनिटांनी वर दुसरी काच आणि वजन, मिळून १२० ग्रॅम. दहाव्या मिनिटाला थेंब पसरून झालेली चकती मोजायची. ती निदान १७ मिमी रुंद हवी. चांगला सीलर टूथपेस्टसारखा वागतो: दाब दिला की पातळ होऊन सरकतो, दाब सोडला की जागच्या जागी थांबतो. वाहणं कमी पडलं तर आडवाटा रिकाम्या राहतात. जास्त झालं तर मुळाच्या टोकातून बाहेर पडतो, आणि खालच्या दाढांच्या मुळांजवळून तर ओठाला संवेदना देणारी मोठी नस जाते. म्हणून "जास्त वाहतो तो चांगला" असं म्हणता येत नाही.

दुसरा गुण थराची जाडी, आणि तो आकुंचनाबरोबरच समजून घ्यावा लागतो. दोन काचांमध्ये सीलर ठेवून १५० न्यूटन, म्हणजे सुमारे १५ किलो वजनाइतका दाब देतात. उरलेला थर ५० मायक्रॉनपेक्षा जाड असता कामा नये. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, तेवढ्यावरून अंदाज येईल. इतका पातळ थर कशाला हवा? कारण बहुतेक सीलर घट्ट होताना थोडे आक्रसतात. सोपा हिशेब करू. थर ५० मायक्रॉनचा आणि आकुंचन १ टक्का, तर फट पडेल अर्ध्या मायक्रॉनची. जंतू साधारण अर्धा ते एक मायक्रॉनचा, म्हणजे तो जेमतेम अडतो. तोच थर जाड झाला, अर्धा मिलिमीटरचा, तर त्याच १ टक्क्यात ५ मायक्रॉनची फट पडते. तिच्यातून जंतू रांगेनं आत जातील. प्रत्यक्षात आकुंचन इतकं एकसारखं होत नाही, पण जुन्या शिक्षकांनी "गटापर्चा जास्त, सीलर कमी" हा मंत्र आमच्या डोक्यात का बसवला ते या हिशेबात आहे. मानकाच्या २००१ च्या आवृत्तीत आकुंचनाची कमाल मर्यादा १ टक्काच होती.

घट्ट व्हायला लागणारा वेळही असाच दोन्हीकडून ओढणारा. दाढेला तीन-चार नळ्या असतात. प्रत्येकीत काडी बसवून, एक्स-रे काढून, चुकलं तर परत काढायची सवड हवी, म्हणून सीलरनं घाई करू नये. पण फार रेंगाळला तर तोवर त्याच्यातली कच्ची रसायनं मुळाबाहेरच्या पेशींना त्रास देत राहतात. जवळजवळ प्रत्येक सीलर ओला असताना जास्त विषारी असतो आणि घट्ट झाल्यावर निवतो. भरल्यानंतर एक-दोन दिवस चावताना दुखतं, त्याचं एक कारण हेही असतं.

विरघळण्याची मर्यादा मानकानं ३ टक्के ठेवली आहे: चकती २४ तास पाण्यात ठेवायची आणि किती विरघळली ते बघायचं. एक्स-रेत दिसण्यासाठी १ मिमी जाडीचा सीलर निदान ३ मिमी ॲल्युमिनियमइतका पांढरा दिसला पाहिजे. मूळ रसायनांत ही पांढुरकी पुरेशी नसते, म्हणून बेरियम, बिस्मथ, टंगस्टन किंवा झिर्कोनियमची संयुगं मिसळतात. या भरीनं पूर्वी बरेच दात बिघडवलेत. १९३१ च्या सुमारास रिकर्ट यांच्या सीलरमध्ये चांदीची भुकटी होती. एक्स-रेत सुंदर दिसायची, पण चांदी काळी पडली की समोरचा दातही काळवंडायचा. अमेरिकन दंतवैद्य लुई ग्रॉसमन यांनी १९५८ मध्ये डाग न पाडणारं मिश्रण दिलं, ते यासाठीच.

ग्रॉसमन यांचं मिश्रण आमच्या पिढीनं हातानं कालवलंय. त्यातली भुकटी आपल्या ओळखीची आहे: झिंक ऑक्साइड, राळ, बेरियम आणि बिस्मथची संयुगं, आणि चिमूटभर टाकणखार. द्रव म्हणजे युजेनॉल, लवंगेच्या तेलातलं मुख्य द्रव्य. दातांच्या दवाखान्यात शिरल्यावर जो वास येतो तो याचा. मुंबईत शिकत असताना काचेच्या स्लॅबवर स्पॅट्युलानं भुकटी थोडी थोडी ओढून घोटायचो. झालं की नाही हे बघायची रीत ठरलेली: स्पॅट्युला स्लॅबवरून हळूच उचलायचा, लगद्याची तार निदान इंचभर यायला हवी, न तुटता. पाकाची तार बघावी तसं. राळ असते ती या चिकटपणासाठी, आणि टाकणखार असतो तो घाई थोपवायला. पावसाळ्यात मात्र आमची त्रेधा उडायची. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचं जमणं दमटपणात वेगानं होतं. जुलैत तिसऱ्या नळीपर्यंत पोचेस्तोवर स्लॅबवरचा लगदा ओढ धरायला लागायचा, आणि मॅडम परत घोटायला लावायच्या.

या सीलरचं बळ आणि दुबळेपण एकाच जागी आहे. जस्त आणि युजेनॉल यांची गाठ पाण्यानं हळूहळू सुटते. सुटलेलं युजेनॉल जंतू मारतं, हा फायदा. तेच युजेनॉल पेशींनाही झोंबतं, आणि गाठ सुटत गेली की सीलरच झिजतो. शिवाय ते कॉम्पोझिटच्या फिलिंगला नीट घट्ट होऊ देत नाही. त्यामुळे दातावर पांढरं फिलिंग करायचं असेल तर आत लवंगेचा माग राहिला नाही ना, हे बघावं लागतं.

पुढचा मोठा टप्पा इपॉक्सी रेझिनचा. घरात तुटलेली कपबशी जोडायला दोन ट्यूबांचा डिंक आणतो ना, त्याचं हे रसायन. याचा जन्म दातांच्या शोधातून झाला आहे. पियेर कास्तां हे स्विस रसायनशास्त्रज्ञ झुरिकच्या दे त्रे या दंतसाहित्य बनवणाऱ्या कंपनीत कवळीसाठी नवं द्रव्य शोधत होते. १९३० च्या दशकात त्यांनी इपॉक्सीचं पेटंट घेतलं. ते पुढे सिबा कंपनीकडे गेलं आणि त्यातून अराल्डाइट आला. कवळीला तो तेव्हा लागला नाही. पण १९५० च्या दशकात आंद्रे श्रोडर या स्विस दंतवैद्यांनी त्याच रसायनातून एएच २६ हा रूट कॅनालचा सीलर तयार केला. घट्ट होताना त्यातून थोडं फॉर्माल्डिहाइड सुटायचं, तो दोष काढून पुढे एएच प्लस आला. सुमारे आठ तासांत घट्ट होतो, आकुंचन कमी, विरघळणं नगण्य, एक्स-रेत लख्ख. नवा कुठलाही सीलर आला की आजही त्याची तुलना याच्याशी करतात. भिंतीतल्या कोलॅजन या प्रथिनाशीही तो काही प्रमाणात रासायनिक बंध जुळवतो असं मानतात. पण एकदा घट्ट झाला की तो गप्प बसतो. जंतूंना मारत नाही, हाडाला बरं व्हायला हातभार लावत नाही. नुसता पहारेकरी.

मधल्या काळात बरेच प्रयोग झाले. सिलिकॉनचे सीलर आले, ते आक्रसत नाहीत, किंचित फुगतात, पण भिंतीला धरत नाहीत. ग्लास आयोनोमर हा सिमेंटचा प्रकार आला, तो इतका कडक की पुन्हा उघडायची वेळ आली की नको वाटे. २००४ मध्ये रेझिलॉन आला तेव्हा आम्ही सगळे भारावलो होतो: काडी, सीलर आणि दात मिळून एकच अखंड ठोकळा होणार होता. पण दातातल्या साध्या खड्ड्यात आक्रसणाऱ्या रेझिनला मोकळी बाजू असते, अरुंद नळीत चारही बाजूंनी भिंतच. चिकटलेल्या पृष्ठभागाचं मोकळ्याशी प्रमाण हजाराच्या घरात जातं, आणि आक्रसणारं रेझिन स्वतःलाच भिंतीपासून उपटून काढतं. त्याच्या काडीतलं पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे प्लास्टिकही ओलाव्यात आणि जंतूंच्या विकरांनी कुजायला लागलं. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. पॅराफॉर्माल्डिहाइड घातलेले सीलर आणि पेस्ट मात्र कधीच यायला नको होते. ते जंतू मारतात, आणि नसेजवळ गेले तर नसही मारतात. कायमचा बधिर ओठ घेऊन बसलेला पेशंट ज्यानं एकदा पाहिलाय, तो ती बाटली हातात धरणार नाही.

आता काकूंच्या दातात काय घातलं ते. त्याला बायोसिरॅमिक म्हणतात, आणि सरळ बोलायचं तर ते सिमेंट आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पोर्टलँड सिमेंटपासून एमटीए हे द्रव्य पुढे आणलं. त्याच घराण्यातले हे सीलर. मुख्य घटक कॅल्शियम सिलिकेट. घराच्या भिंतीला सिमेंट लावलं की आपण सात दिवस पाणी मारतो, कारण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. दातातही तसंच. सिरिंजमध्ये येणाऱ्या या लगद्यात पाणी अजिबात नसतं. डेंटिनच्या नलिकांमधला ओलावा शोषून तो जमतो. सिरिंजचं टोपण नीट लावलं नाही तर हवेतल्या दमटपणानं तोंडाशीच खडा होतो, हे आमच्या असिस्टंटना मी रोज बजावतो.

पाणी मिळालं की दोन गोष्टी तयार होतात: सगळं बांधून ठेवणारा सिलिकेटचा जेल, आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड. म्हणजे पानाला लावतो तो चुना. त्यानं भोवतालचा पीएच ११-१२ पर्यंत चढतो आणि बरेचसे जंतू तग धरत नाहीत. सुटलेलं कॅल्शियम शरीरद्रवातल्या फॉस्फेटला भेटलं की पृष्ठभागावर हायड्रॉक्सिअपेटाइट साचतं, दात आणि हाड ज्याचं बनलंय तेच खनिज. मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. ज्या ओलाव्यानं बाकीचे सीलर बिघडतात, त्याच्यावर हा जगतो.

पण किंमत इथंही आहे. चुना सुटायचा तर काहीतरी विरघळलंच पाहिजे. म्हणून पाण्यातल्या चाचणीत यातले काही सीलर ३ टक्क्यांची रेषा ओलांडतात. ऐंशीच्या दशकातले चुन्याचे सीलर याच कोड्यात अडकले होते: काम करायचं तर विरघळायचं, विरघळलं तर सांधा उघडा. फरक एवढा, की इथं मागे सिलिकेटचा सांगाडा राहतो, आणि शुद्ध पाण्याऐवजी फॉस्फेट असलेल्या द्रवात चाचणी घेतली की घट बरीच कमी दिसते. काचेच्या भांड्यातलं डिस्टिल्ड वॉटर म्हणजे आपलं शरीर नव्हे. माझ्या मते मानकाची ही चाचणी इपॉक्सीला शोभणारी आहे, सिमेंटवर ती अन्याय करते. पांढरेपणासाठी यात झिर्कोनियम ऑक्साइड घालतात, कारण एमटीएमधलं बिस्मथ ऑक्साइड हायपोक्लोराइटशी गाठ पडली की काळपट होतं.

या सीलरचं आकुंचन फारच कमी असल्यामुळे "गटापर्चा जास्त, सीलर कमी" हा जुना मंत्रही सैल झालाय. नळीच्या मापाची एकच काडी घालतात आणि बाकीची जागा सीलर भरतो. सोपं झालं, पण निष्काळजीपणालाही वाट मिळाली. उद्या दात पुन्हा उघडायची वेळ आली तर गटापर्चा निलगिरी तेलानं किंवा झायलिननं मऊ होतो, सिमेंट कशानंच फारसं मऊ होत नाही. काडी शेवटपर्यंत पोचली असेल तर तिच्या वाटेनं परत खाली जाता येतं. ती दोन मिलिमीटर आधी थांबली असेल आणि खाली नुसता सीलर असेल, तर त्या दोन मिलिमीटरसाठी तासन्‌तास झगडावं लागतं, आणि कधी हार मानावी लागते.

सीलर बदलला की हाताची सवयही बदलावी लागते, आणि हे पुस्तकापेक्षा खुर्चीशी जास्त कळतं. भरण्याआधी नळीत कागदाच्या बारीक काड्या, पेपर पॉइंट, घालून पाणी टिपतो. इपॉक्सी वापरायचा तर शेवटची काडी टोकापर्यंत कोरडी बाहेर आली पाहिजे. बायोसिरॅमिकला मात्र शेवटच्या काडीचं टोक किंचित ओलसर असलेलं चालतं, नव्हे हवंच. एरवी चार-पाच तासांत जमणारा हा सीलर ठणठणीत कोरड्या जागेत प्रयोगशाळेत कित्येक दिवस मऊ राहिलेला दिसलाय. काकूंच्या वेळी चौथी काडी अर्ध्या मिलिमीटरपुरती ओली आली, तिथं मी थांबलो.

"मग तो ठिपका काढावा लागेल?" त्यांनी विचारलं. नाही. एवढासा, हाडाच्या जवळचा, चुना देणारा थेंब शरीर खपवून घेतं. मी त्यांना दुसऱ्याच गोष्टीची काळजी घ्यायला सांगितली: वरचं कच्चं फिलिंग महिनोन्‌महिने तसंच ठेवू नका. आत कितीही चांगला सीलर असला तरी वरून लाळ झिरपत राहिली तर जंतू त्या वाटेनं खाली उतरतात. पुढच्याच आठवड्यात त्या आल्या, पक्कं फिलिंग झालं, कॅपचं माप घेतलं. मुळाशी हाड विरळ झाल्याची जी काळी सावली आहे, ती भरत चाललीय का हे बघायला सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचाय.